शालूचा अभ्रा

(मुळशी. धरणाच्या अंगाला असलेल्या घराची मागची पडवी, शेजारी मोरी. मे महिन्यातली दुपार. जयसिंग, भूगावला दिलेली त्याची थोरली बहीण सगुणाबाई आणि जयसिंगची मुलगी स्नेहल. स्नेहलची सातवीची परीक्षा नुकतीच संपली आहे.)

जयसिंग : आता तर घरात आलीस न्हवं? ऊन न्हाई, धूळ न्हाई. सोड की तो स्कार्फ.

सगुणाबाई : राहू दे रे जयसिंगा. भूगावपासनं उभ्यानं आलोय आमी यष्टीत. पोर दमलीय.

जयसिंग : जेवताना स्कार्फ. ताट धुताना स्कार्फ. डोकं दुखतंय का, बाळा?

स्नेहल : नाही, आप्पा.

जयसिंग : मग?

स्नेहल : आत्या, तूच सांग ना.

सगुणाबाई : सांगायचं काय त्यात? सुट्टीला आली माझ्याकडं, म्हणलं आईविना पोर, हौस करावी. पार्लरमधी नेली आन् केस सरळ करून घेतले. शुभांगीच्या लग्नात करवली म्हणून उभी राहायचीय. माझ्या लेकीमागं चार माणसांत बरी दिसावी, म्हणून केलं.

जयसिंग : मग दावायला लाज कसली? काढ बघू.

स्नेहल : तुम्ही ओरडायचं नाही.

जयसिंग : न्हाई ओरडत.

स्नेहल : आत्यावर पण नाही.

जयसिंग : काढ, स्नेहल.

सगुणाबाई : जरा उजेडाच्या आड हो गं.

जयसिंग : उजेडातच थांब. वळ. अजून वळ. मागं हे काय झालंय? हितले केस कुटं गेले?

स्नेहल : तुटले.

जयसिंग : कुटं तुटले?

स्नेहल : आत्याच्या बाथरूममध्ये. पार्लरवालीनं सांगितलं होतं, लगेच धुवायचे नाहीत. मग ज्या दिवशी धुतले त्या दिवशी हातातच आले. जाळीवर अडकले आणि पाणी तुंबलं. मी हातानं काढून कॅरीबॅगमध्ये भरले. ओल्या शेवाळासारखे झाले होते, बुळबुळीत. शुभांगीताईनं पाहिलं आणि तिला उलटी झाली.

जयसिंग : आन् हा वास कसला? अंडं नासल्यावानी.

सगुणाबाई : औषधाचा हाय. जाईल म्हणाली ती बाई, चार पाण्यानं.

जयसिंग : आक्का, बघ हिकडं. भातुकलीतल्या बाहुलीचं डोकं कुत्र्यानं चावावं तसं झालंय हे. हितं सरळ काड्या, हितं गुंता, आन् हितं नुसतं कातडं. कातडं लाल कशानं?

स्नेहल : औषध लावल्यावर आग होत होती. मी सांगितलं त्यांना.

जयसिंग : मग?

स्नेहल : त्या म्हणाल्या, थोडी होणारच. तुझे केस कडक आहेत, जास्त वेळ ठेवावं लागतं. आणि दुसऱ्या मुलीला बोलावून माझे केस दाखवले. ती म्हणाली, बाप रे, हे काथ्याचं पायपुसणं कोणी आणलं? दोघी हसल्या.

जयसिंग : आक्का, तू कुटं हुतीस तवा?

सगुणाबाई : शेजारच्या खुर्चीवर. कुटं जाणार?

जयसिंग : तूबी हसलीस?

सगुणाबाई : मी कशाला हसू? माझ्या भावाची पोर हाय ती. पर मला काय ठावं औषधातलं? भूगावात निम्म्या पोरी करून घेत्यात. शुभांगीनं केले, तिचे पाण्याच्या धारेसारखे पडलेत.

जयसिंग : शुभांगीचे आदीपासनंच धारेसारखे हायेत. कोरड्या रस्त्याला पूल बांधल्यासारखं झालं ते.

सगुणाबाई : मला एकटीलाच बोल. सगळं काय पार्लरमधी तुटलेलं न्हाई. पोरीचे केस दिवाळीच्या आदीपासनं तुटत हायेत. तुझ्या डोळ्याला कवा दिसलं का? मी रविवारचा रविवार यष्टीनं येतीया, तिला न्हाऊ घालतीया. उशीवर तुकडे, फ्रॉकवर तुकडे, केरसुणीला तुकडे. फणी घातली की कडकड मोडायचे. दोन फण्यांचे दात गेले माझ्या.

जयसिंग : मोडत असताना बी फणी घालायचीस?

सगुणाबाई : मग काय करू? तेल थापायची, फणी घालायची, करकचून दोन वेण्या. सैल बांधल्या की शाळेतनं निरोप येतो, पोरीच्या झिंज्या आवरा. माझी मनगटं रात्रभर ठणकायची. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, माझ्याबी यायचं. प्रेमानंच करत हुते ना रे?

स्नेहल : हो, प्रेमानंच करायची ती, आप्पा. आणि केळं द्यायची नंतर.

जयसिंग : तुला मी इचारलं का मधी?

स्नेहल : तुम्ही ओरडणार नाही म्हणाला होता.

जयसिंग : ओरडत न्हाई. मला शिसारी आलीय फकस्त. पिशवीत काय हाय ते, आक्का? मघापासनं हात घालतीस आन् काढतीस.

सगुणाबाई : काय न्हाई. गंगावन हाय.

जयसिंग : कशाला?

सगुणाबाई : लग्नापुरतं. पुढनं तिचे केस चापून बसवायचे, मागं टकलावर हे आकड्यांनी बांधायचं, वर गजरा. कुणाला कळत न्हाई. लग्न झालं की न्हावी बोलवू आन् गोटा करून टाकू. सगळं साफ. नवे येतील ते सरळ येतील.

जयसिंग : दाव इकडं. हे कुणाचे केस?

सगुणाबाई : दुकानातले.

जयसिंग : दुकानदाराच्या डोक्याचे?

स्नेहल : ती बाई येते ना आप्पा, केसांवर फुगे देणारी. विंचरताना निघालेले केस बायका भिंतीच्या भोकात कोंबून ठेवतात आणि तिला देतात. त्याचंच करतात म्हणे.

जयसिंग : मंजी कुणाकुणाचे, भिंतीच्या भोकातले, पाली फिरलेले केस माझ्या पोरीच्या डोक्याला. सोललेल्या कातड्यावर. ने ते. माझ्या दावणीच्या दोराला बांधू देणार न्हाई मी हे.

सगुणाबाई : धुतलेले असत्यात रे.

जयसिंग : आन् गोटा केल्यावर सरळ येतील हे कुणी सांगितलं? जावळ काढलं तवा आपली आई हेच म्हणाली. पहिल्या जावळानं सरळ न्हाई झाले म्हणून पुन्हा गोटा करायला लावला. पुन्हा कुरळे. तिसऱ्यांदा न्हाव्याला बोलावलं तवा कल्पना दारात आडवी उभी राहिली. म्हणली, सासूबाई, माझंच डोकं भादरा आता, पोरीचं न्हाई.

स्नेहल : आई असं म्हणाली?

जयसिंग : म्हणली. न्हावी चहा पिऊन गेला.

सगुणाबाई : लई तोंडाळ हुती कल्पना. गेलेल्या माणसाला बोलू नये. पर हुती.

जयसिंग : आक्का, खरं सांग. हौस-बिस ऱ्हाऊ दे. त्या पोरीला पार्लरमधी कशापायी नेलंस?

सगुणाबाई : सांगितलं की.

जयसिंग : ते न्हाई. स्नेहल, तू आत जा.

स्नेहल : मला माहितीय ते. मी तिथंच होते.

सगुणाबाई : तू कुटं हुतीस?

स्नेहल : शुभांगीताईच्या साखरपुड्यात. पेढे वाटत होते. मला ऐकू आलं.

जयसिंग : काय ऐकू आलं?

सगुणाबाई : थांब, मीच सांगते. शुभांगीची व्हणारी सासू, जांबे गावची विहीण, माझ्याशेजारी बसलेली. खोल्या भाड्यानं देत्यात ती माणसं, चार मजली घर, तोंडात साखर. स्नेहल पेढे घेऊन आली तशी ती बया वाकून बघायला लागली. म्हणली, ही कुणाची? मी म्हणलं, भावाची. मग म्हणती, भावानं मुलगी कुटली केलीय? केस तर डोंगरवाडीवरच्या आदिवासी माणसांसारखे दिसत्यात. तुमी आदी काय बोलला न्हाई ते. तिच्या बाजूच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मला दरदरून घाम फुटला. लेकीचं लग्न मोडतंय का काय, असं झालं.

जयसिंग : आन् तू काय म्हणालीस?

सगुणाबाई : म्हणलं, तसं काय न्हाई. मावळातलं शेतकरी घर हाय तिच्या आईचं. पोरीला मोठा ताप आलता, आजारपणानं केस तसे झालेत. औषध चालू हाय.

जयसिंग : आजारपणानं.

सगुणाबाई : मग काय बोलू तितं?

जयसिंग : कल्पनाच्या आजीचे तसेच हुते. आईचे तसेच हुते. तिचे तसेच हुते. तू त्याला आजार म्हणालीस. आन् वाडीवरची असती तरी त्या बयेचं काय जळत हुतं? वाडीवरची आई गेली, तर पोर कमी पोरकी हुती का? थू. लाज वाटती मला अशा दारात पोरगी करवली म्हणून न्यायची.

सगुणाबाई : थुंकू नको रे माझ्या लेकीच्या लग्नावर.

जयसिंग : लग्नावर न्हाई थुंकलो.

सगुणाबाई : बोलणं सोपं हाय तुला. घरात काय चालायचं ते तू शेतावरनं बघत हुतास. भातात केस निघाला की कुणाचा ते इचारायला लागत न्हवतं. गुंडाळी झालेला, स्प्रिंगवानी. आईला शिसारी यायची. शेवटपर्यंत तिनं आपलं ताट आपल्या हातानं येगळं वाढून घेतलं.

जयसिंग : आन् सरळ केस निघाला की तो कुणाचा असायचा?

सगुणाबाई : ...तो कुणाचाच नसायचा.

स्नेहल : मी पण वेगळं ताट घेत जाऊ का, आत्या?

सगुणाबाई : गप गं. तुला कोण म्हणतंय?

स्नेहल : मी फक्त विचारलं.

जयसिंग : हिकडं ये. बस ह्या पाटावर. मला सांग, आई असताना तुटायचे का गं तुझे केस?

स्नेहल : नाही. खांद्याच्या खाली आले होते, ओले असताना कमरेपर्यंत. सुकले की वर पळायचे. आई म्हणायची, हे केस नाहीत, ससे आहेत. अंगावर धावून गेलं की लपतात.

जयसिंग : काय करायची ती? रविवारी दार लावून बसायचा तुमी दोघी. मी आपला जाळी टाकायला धरणावर. मला काय म्हणजे काय ठावं न्हाई.

स्नेहल : जवस उकळायची. ते चिकट होतं मग. मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि थंड करायचं. केस आधी ओले करायचे, कोरड्याला हात नाही लावायचा. मग चार भाग करायचे. एकेका भागाला जवस लावायचं आणि बोटांनी गुंता सोडवायचा. खालून, टोकाकडून. मग ती मोठ्या दातांची लाकडी फणी. पुसायला टॉवेल नाही, तुमचा जुना बनियन. आणि वेणी सैल. शाळेत आई स्वतः जाऊन बाईंना सांगून आली होती.

सगुणाबाई : आगं, मग मला का न्हाई बोललीस हे? मी रविवारचा रविवार रेड्यानं नांगरल्यासारखी नांगरत हुते तुझ्या डोक्यावर.

स्नेहल : फणी नव्हती ना. आणि उशी पण नव्हती.

सगुणाबाई : घरात चार फण्या हायेत.

स्नेहल : बारीक दातांच्या. ती मोठी तू नदीला सोडलीस.

सगुणाबाई : मी?

स्नेहल : दहाव्याच्या दिवशी.

सगुणाबाई : ती... व्हय. कल्पनाची फणी, तेलाची बाटली, अंथरूण, उशी, सगळं दिलं सोडून. ठेवत न्हाईत ते. मयताची फणी घरात कोण ठेवतं? आईची सोडली, आत्याबाईची सोडली, उद्या माझी सोडतील. मी काय नवं केलं का त्यात, जयसिंगा? तुला इचारून केलं.

जयसिंग : मला इचारलंस?

सगुणाबाई : इचारलं. तू मान हलवलीस.

जयसिंग : त्या दिवशी कुणी काय बी इचारलं असतं तर मी मान हलवली असती. आन् उशीचं काय गं? उशीनं काय हुतं केसाला?

स्नेहल : सुती उशीवर घासून तुटतात. रात्रभर आपण डोकं हलवतो ना. म्हणून आईनं रेशमाचा अभ्रा शिवला होता. त्यावरून केस सरकतात. लग्नाच्या शालूचा होता, डाळिंबी.

सगुणाबाई : शालू कापला तिनं तवा मी किती बोलले तिला. लग्नाचा शालू हाय, पोतेरं न्हवं. सवाष्ण बाई शालूला कात्री लावती का? म्हणली, वन्सं, पेटीत ठेवून तो कुणाच्या कामाला येणार हाय? असा रोज पोरीच्या डोक्याखाली असतो.

जयसिंग : तीच उशी कल्पनाच्या डोक्याखाली हुती शेवटी. मला याद हाय. डाळिंबी.

सगुणाबाई : म्हणून तर सोडली. मयताच्या डोक्याखालची उशी.

स्नेहल : ती आईची नव्हती. माझी होती.

सगुणाबाई : आँ?

स्नेहल : आईला कावीळ झाली, ताप चढला. ती नुसती पडून असायची. तिचे केस मागं गुंतायला लागले. घामानं गोळे झाले, आणि तिला आपल्या हातानं सोडवता येईनात. म्हणून मी माझी उशी तिला दिली. ती नको म्हणत होती. मग म्हणाली, बरं, ताप उतरेपर्यंत वापरते. मग तुझी तू परत घे.

जयसिंग : मंजी ती उशी तुझी हुती.

सगुणाबाई : आगं पोरी. मग तवा तोंड उघडायचं न्हाई का? मी गाठोडं बांधत हुते तवा तू तितंच उभी हुतीस दाराला धरून.

स्नेहल : मी आले होते जवळ. तू म्हणालीस, पोरांनी हात लावायचा नाही, सुतक आहे. आणि सगळ्या बायका रडत होत्या. त्यात उशी माझी आहे असं कसं म्हणायचं? सगळे म्हणाले असते, आई गेली आणि हिला उशीचं पडलंय.

सगुणाबाई : मला वाटलं आईसाठी उभी हाय.

स्नेहल : आईसाठीच उभी होते. उशीसाठी पण.

जयसिंग : शालूचा उरलेला अर्धा कुटं हाय, आक्का? पेटीत हुता तो.

सगुणाबाई : तुला ठावं न्हाई?

जयसिंग : बोल.

सगुणाबाई : तूच काढून दिलास. सवाष्ण गेली म्हणून मी हिरवं लुगडं आणलेलं. त्याच्यावरनं तू तो अर्धा शालू तिच्या अंगावर घातलास. भटजी म्हणला, फाटकं वस्त्र घालत न्हाईत. तू म्हणलास, फाटकं न्हवं, निम्मं हाय. निम्मं पोरीकडं हाय. त्या वक्ताला तुझ्याशी कोण बोलणार?

जयसिंग : निम्मं पोरीकडं हाय, असं म्हणलो मी?

सगुणाबाई : म्हणलास. आन् मी गाठोड्यात बांधलं. मला तरी कुटं ध्यानात आलं?

जयसिंग : एक निम्मं आगीत, एक निम्मं पाण्यात.

स्नेहल : आप्पा, तुम्ही रडू नका. मला आधीच कसंतरी होतंय.

जयसिंग : रडत न्हाई. ह्या वासानं डोळे चुरचुरत्यात. घरात जवस हाय का गं?

स्नेहल : चटणीचे आहेत. फडताळात खालच्या डब्यात.

जयसिंग : घाल उकळायला. आक्का, तू उठ, मोरीतली बादली भर. आदी हे उरलेलं औषध धुवायचं तिच्या डोक्यातनं, गार पाण्यानं. लाल झालंय तितं हात लावू नको.

सगुणाबाई : आन् मग?

जयसिंग : मग मी सोडवतो तिचे केस.

सगुणाबाई : तू?

जयसिंग : हितं दुसरं कोण हाय?

सगुणाबाई : अरं, तेरावं लागलं पोरीला. बाप वयात आलेल्या लेकीची वेणी घालाय बसला, तर धरणापातूर बोलतील लोक. मी हाय की अजून. पुढच्या रविवारी येते, पोर दावील तसं करते. त्यात काय?

जयसिंग : पुढच्या रविवारी उरलेले तुटत्याल. आन् लोकांचं सांगू नको. त्या लोकांनी काथ्या म्हणलं, वाडीवरची म्हणलं, आजारी म्हणलं. आता बापानं वेणी घातली म्हणतील. त्यातल्या त्यात ते बरंय.

स्नेहल : डोकं धुऊन झालं, जवस पण झालं उकळून, गाळून. बघा, असं चिकट व्हायला पाहिजे.

सगुणाबाई : अगं बाई, हे काय? शेंबूड हाय नुसता. हा डोक्याला लावायचा?

स्नेहल : हो.

सगुणाबाई : हे लावण्यापरीस पार्लरमधलं अंडं बरं हुतं म्हणायचं.

जयसिंग : आण ते. गार झालं का? दे हातावर. अं... हे लईच वाईट हाय गं. सरपटणारं काय तरी धरल्यासारखं वाटतंय.

स्नेहल : थांबा, आप्पा. हात धुतलेत का?

जयसिंग : धुतलेत की.

स्नेहल : साबणानं धुवा. मासळीचा वास येतोय. नासकं अंडं, वर शेंबूड, आणि त्यावर मासळी. मला जेवण जाणार नाही.

सगुणाबाई : हसतीस काय अशी? घरी आल्यापासनं पहिल्यांदा दात दिसले कार्टीचे.

जयसिंग : घे, धुतले. हुंग. आता सांग, कुटनं धरू?

स्नेहल : ही पुढची बट घ्या. थोडीच. नाही, निम्मी. खालून सुरुवात करा. मुळाकडून नाही, टोकाकडून.

जयसिंग : टोक कुटलं तेच घावत न्हाई. सगळीकडं टोकंच हायेत.

स्नेहल : ओढू नका. अडलं की थांबायचं. अजून जवस लावा, बोटानं दोन्हीकडं पसरवा, मग ते आपोआप सरकतं.

सगुणाबाई : जाळं सोडवतुया जणू.

जयसिंग : जाळं तुटलं तर गाठ मारता येती, आक्का. हे तुटलं की तुटलं. दुखलं का गं?

स्नेहल : नाही. म्हणजे थोडं. आईच्या हातानं पण थोडं दुखायचं.

जयसिंग : हितं पुढं औषध मुळापातूर लागलेलं न्हाई, सरळ झालेलं टोक न् वरचं कुरळं, मधी जोड हाय तितंच मोडतंय बघ. निस्तं बोट लागलं तरी. आक्का, काय औषध घातलं ह्यात तुमी? पोरीचा केस न्हवता का हा? जळलेली वात वाटती मला.

स्नेहल : ती टोकं कापावी लागतील, आप्पा. आईनं एकदा सांगितलं होतं, मोडकं टोक ठेवलं की वरपर्यंत चिरत जातं. सगळी सरळ टोकं कापली की डोक्याबरोबर येतील. मुलासारखे दिसतील.

सगुणाबाई : मग करवली कशी उभी करू? सांग मला आता. टकलाचे ठिपके, पोराएवढे केस, त्येबी गुंडाळलेले. जांब्याची विहीण पुन्हा इचारणार.

जयसिंग : तुला व्हायचंय का करवली, स्नेहल? खरं बोल. मला नको वाटतंय. पर डोकं तुझं हाय.

स्नेहल : शुभांगीताईनं मला विचारलंय. तिला उलटी झाली, पण नंतर तिनंच कॅरीबॅग बाहेर नेऊन टाकली आणि मला स्कार्फ बांधला. ती म्हणाली, तू स्कार्फमध्ये आलीस तरी तूच करवली. मला व्हायचंय. पण गंगावन नको. त्या भिंतीच्या भोकातलं नको.

जयसिंग : ऐकलंस?

सगुणाबाई : ऐकलं. आन् मी काय सांगू तितं? ताप आला म्हणून सांगितलंय आदी. आता काय सांगू?

जयसिंग : आईवर गेलीय म्हणावं.

सगुणाबाई : एवढंच?

जयसिंग : एवढंच. खोटं न्हाई त्यात. त्यावर बी ती बोलली, तर मला बोलव. मी वरातीत फेटा बांधून उभा असेन. मामा हाय मी नवरीचा.

सगुणाबाई : भांडू नको रे बाबा तितं.

जयसिंग : न्हाई भांडत. हात असेच घेऊन जातो, मासळीचे. पाया पडतो तिच्या.

स्नेहल : आप्पा, हलू नका. सुटत आली.

जयसिंग : कुटं? व्हय की. आली. ही बघ आक्का, एक बट सुटली. जोडाच्या वरची. सोडली तशी आपली आपण गुंडाळून बसली.

स्नेहल : तुटली नाही ना?

जयसिंग : न्हाई. बोटाला एक केस आलाय फकस्त. तो झडायचाच हुता.

सगुणाबाई : ...अगदी कल्पनाची बट हाय. कानाशेजारची.

जयसिंग : व्हय.

सगुणाबाई : मला पाचची यष्टी गाठायचीय. जयसिंगा, माझी पिशवी दे. ते गंगावन न्हवं रे, त्याच्या खाली बघ. कागदात खण हाय. काढ.

जयसिंग : हा? हा तर नवा हाय.

सगुणाबाई : विहिणीच्या ओटीचा. निवडून आणलाय, रेशमी. सुती धागा एक न्हाई त्यात. पोरीच्या उशीला पुरंल का बघ.

स्नेहल : आत्या, मग त्यांच्या ओटीत काय घालणार?

सगुणाबाई : तिला सुती घालीन. तिचे केस धारेसारखे हायेत, तिला काय फरक पडतोय. मशीन घरात हाय न्हवं कल्पनाची? का तीबी सोडली मी?

स्नेहल : आहे. पण दोरा नाही. आणि मला सरळ शिवण येत नाही अजून.

सगुणाबाई : मग ठेवा तसाच. रविवारी आले की शिवते. फणी बी बघते भूगावात, मोठ्या दातांची, लाकडी. फणी न्हाई घालणार मी डोक्यात, भिऊ नको. निस्ती बघते.

जयसिंग : थांब, आक्का, रस्त्यापातूर सोडतो तुला.

सगुणाबाई : त्या शेंबडाच्या हातानं? नको. जाते माझी मी.

जयसिंग : जप. ऊन हाय.

स्नेहल : गेली. चपला उलट्या घालून गेली.

जयसिंग : तिच्या ध्यानात येईल फाट्यावर. उठ, पाय मोकळे कर जरा. मीबी उठतो, कंबर धरली.

स्नेहल : जवस सुकायच्या आत करावं लागतं, आप्पा. बसा. मागचं सगळं राहिलंय.